शिवीची किंमत त्याच सामन्यात वसूल व्हावी

मार्च २०१८ च्या अखेरीस सिडनीत क्रोनुला शार्क्स आणि मेलबर्न स्टॉर्म यांच्या रग्बी लीग सामन्यात रेफ्री मॅट सेचिन यांनी तब्बल ३३ पेनल्टी दिल्या आणि मध्येच ऑस्ट्रेलियाचा कर्णधार कॅमरन स्मिथ याला हुज्जत घातल्याबद्दल १० मिनिटं मैदानाबाहेर बसवलं. स्मिथच्या एनआरएल (ऑस्ट्रेलियातली अव्वल रग्बी लीग स्पर्धा) कारकिर्दीतली ती पहिलीच सिन-बिन, म्हणजे १० मिनिटं बाहेर बसण्याची शिक्षा. त्यावरून जी चर्चा पेटली, ती नावं बदलून आजही तशीच्या तशी होते. एक गट म्हणतो, शिट्टी हातात आली की काहींना सामना आपल्याभोवतीच फिरावा असं वाटू लागतं; खेळाडू काही यंत्र नाहीत, रेफ्रीने कातडी जाड ठेवावी. दुसरा म्हणतो, लहान मुलं बघताहेत, संस्कार कुठे गेले, एकेकाला वर्षभर घरी बसवा. पहिल्याला रेफ्रीचा स्वभाव खटकतो, दुसऱ्याला खेळाडूचा. स्वभावावरचे वाद कधी मिटत नाहीत, आणि नियम कसा असावा हा खरा प्रश्न त्यात बाजूला पडतो.

माझ्या मते रेफ्रीला केलेली शिवीगाळ हा शिष्टाचाराचा मुद्दा म्हणून हाताळणंच चूक आहे. ती खेळावर प्रभाव टाकण्याची एक चाल आहे. ऑफसाइड उभं राहणं किंवा पाडलेल्या खेळाडूच्या अंगावरून मुद्दाम उशिरा उठणं ही जशी चाल, तशीच ही. म्हणून तिची किंमत त्याच सामन्यात, त्याच गुणफलकावर वसूल झाली पाहिजे. शिक्षा छोटी चालेल, पण ती चुकता कामा नये. सोमवारी ठोठावलेला दंड शनिवारच्या सामन्याचं काहीही परत देत नाही.

ही चाल का ठरते, हे कळायला रग्बी लीगमध्ये रेफ्री नेमकं काय करतो ते पाहावं लागेल. दोन्हीकडे १३-१३ खेळाडू, ८० मिनिटं. चेंडू असलेल्या संघाला ६ टॅकल मिळतात. सहाव्यांदा पाडलं गेलं की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. प्रत्येक टॅकलनंतर पडलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे ढकलतो. तोवर पाडणाऱ्यांनी त्याच्या अंगावरून बाजूला व्हायचं, आणि समोर उभे राहू शकणारे दोघे सोडून बाकी बचावफळीने १० मीटर मागे जायचं. एका सामन्यात असे शेकडो टॅकल होतात. प्रत्येक वेळी रेफ्रीला ठरवायचं असतं की खेळाडू पुरता अडवला गेला का, अंगावरच्याने किती वेळ रेंगाळावं, १० मीटरची रेषा कुठे, चेंडूला पाय लागला का. कडक मापलं तर जवळजवळ प्रत्येक टॅकलमध्ये काहीतरी चुकलेलं सापडेल. सगळ्यांवर शिट्टी वाजवली तर खेळच होणार नाही, म्हणून रेफ्री निवड करतो.

त्या निवडीवरच शिवीगाळीचा नेम असतो. झालेला निर्णय बदलत नाही हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मग ओरडायचं कशासाठी? पुढच्या निर्णयासाठी. तीनदा अंगावर धावून गेलं की चौथ्या वेळी काठावरचा निर्णय देताना रेफ्रीच्या मनात क्षणभर चलबिचल होते. ही बाजारातली घासाघीस आहे. मागितलेला भाव मिळणार नसतो, पण थोडं खाली आणायचं असतं. २०२० पासून एनआरएलने टॅकलच्या जागी होणाऱ्या बऱ्याच चुकांसाठी पेनल्टीऐवजी नव्याने ६ टॅकल देण्याची पद्धत आणली. रेफ्री हात फिरवतो, खेळ थांबत नाही, कारण सांगायला वेळही नसतो. म्हणजे रेफ्रीच्या मर्जीवर सोडलेला भाग वाढला आणि तिच्यावर दबाव आणण्यातला फायदाही वाढला. अशा खेळात ‘भावनेच्या भरात बोलला’ हे अर्धंच सत्य आहे. भावना खरी असते, पण ती नेमकी कोणत्या दिशेला उधळायची हे अनुभवी कर्णधाराला पक्कं माहीत असतं.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि त्यातले काही खरोखर वजनदार आहेत.

रेफ्री चुकतात, आणि कधी कधी त्याची भरपाई होऊ शकत नाही. ६ ऑक्टोबर २०१९ चा एनआरएलचा अंतिम सामना घ्या. सिडनी रूस्टर्स आणि कॅनबेरा रेडर्स ८-८ अशा बरोबरीत, शेवटची १० मिनिटं. रेफ्री बेन कमिन्स यांनी हात उंचावून रेडर्सना नवे ६ टॅकल मिळाल्याची खूण केली आणि लगेच, सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून, ती मागे घेतली. रेडर्सच्या जॅक वायटनला बदल कळलाच नाही. नवा डाव मिळाला असं समजून तो चेंडू घेऊन टॅकल झाला. चेंडू रूस्टर्सकडे गेला, थोड्याच वेळात जेम्स टेडेस्कोने ट्राय नोंदवला (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले), सामना १४-८ ने संपला. कॅनबेराच्या माणसाला ‘रेफ्रीचा मान राखा’ म्हणून सांगायला कोणत्या तोंडाने जायचं?

पण या उदाहरणातून काय सिद्ध होतं? चूक सुधारायला वाट हवी, एवढंच. वायटनने कमिन्सना चार शिव्या दिल्या असत्या तर चेंडू परत मिळाला असता का? पुढच्याच वर्षी एनआरएलने कर्णधाराला दाद मागण्याचा अधिकार दिला. रेफ्रीच्या निर्णयाने खेळ थांबला असेल तर १० सेकंदांत कर्णधाराने आव्हान द्यायचं. बरोबर ठरलं तर ते शाबूत राहतं, चुकलं तर संपतं. व्हिडिओ बघणारे लोक सिडनीतल्या ‘बंकर’मध्ये बसलेले असतात. या व्यवस्थेला एक मोठं भोक आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. खेळ न थांबवता दिलेल्या किंवा न दिलेल्या निर्णयाला आव्हान देता येत नाही. नव्या ६ टॅकलची खूण नेमकी याच वर्गात बसते. ते भोक बुजवण्याचा आग्रह जरूर धरावा. मात्र दाद मागण्याची वाट अरुंद आहे म्हणून शिवीगाळीची वाट मोकळी ठेवा, हे कोणतं तर्कशास्त्र?

क्रिकेटला हा धडा फार महागात मिळाला. फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला डेनिस लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी सुनील गावसकरांना पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागला होता असं गावसकरांचं म्हणणं होतं. ते साथीदार चेतन चौहान यांना घेऊन मैदानाबाहेर निघाले. सीमारेषेजवळ व्यवस्थापक शाहिद दुराणी यांनी चौहानना परत पाठवलं नसतं तर भारताने सामना सोडून दिल्यासारखंच झालं असतं. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलिया ८३ धावांत गारद झाला आणि भारत ५९ धावांनी जिंकला. मुंबईकर आजही हा किस्सा कौतुकाने सांगतात. कौतुकच करायचं असेल तर ते दुराणींचं करायला हवं. डिसेंबर १९८७ मध्ये फैसलाबादला माइक गॅटिंग आणि पंच शकूर राणा भर मैदानात एकमेकांवर बोट रोखून भांडले, राणांनी लेखी माफीशिवाय उभं राहायला नकार दिला आणि कसोटीचा अख्खा तिसरा दिवस वाया गेला. इंग्लंडच्या मंडळाने काय केलं? आपल्या खेळाडूंना ‘त्रासापोटी’ प्रत्येकी १,००० पौंड दिले. मार्ग निघाला तो दोन्ही बाजूंनी एकदम दुरुस्ती झाल्यावर. १९९१ पासून सामनाधिकारी आणि आचारसंहिता आली, त्यानंतर त्रयस्थ देशांचे पंच आले, पुढे डीआरएस आलं. पंचांची चूक पकडण्याची सोय आणि पंचांशी हुज्जत घालण्याला शिक्षा, यातली एकच गोष्ट आणली असती तर ती टिकली नसती.

दुसरा आक्षेप वर्गाचा आहे. मला तो सगळ्यांत गंभीर वाटतो, आणि गंमत म्हणजे तोच सगळ्यांत कमी मांडला जातो. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात यॉर्कशर-लँकशरच्या क्लबांनी रग्बी युनियन या मूळ संघटनेशी फारकत घेतली, ती मजुरीच्या प्रश्नावरून. त्यातूनच रग्बी लीग हा वेगळा खेळ झाला. गिरणीत आणि खाणीत राबणाऱ्या खेळाडूची शनिवारची रोजी बुडते, ती भरून द्या, एवढीच मागणी होती. नव्या संघटनेने दिवसाला ६ शिलिंगपर्यंत भरपाई मान्य केली. हौशी खेळाच्या नावाखाली ती मागणी नाकारणारे सुखवस्तू घरांतले होते. तेव्हा लीगवाल्याला कुणी ‘युनियनमध्ये बघा, रेफ्रीला कसं सर म्हणतात’ असं ऐकवलं की त्याच्या कपाळावर आठी उमटते, आणि त्यात त्याचं चुकत नाही. खाणीच्या गावातली बोली रांगडी असते. तिथे जो शब्द स्वल्पविरामासारखा वापरला जातो, तो लंडनच्या दिवाणखान्यात गुन्हा ठरतो. एनआरएलमधल्या जवळपास निम्म्या खेळाडूंचं नातं पॅसिफिक बेटांशी आहे. त्यांचा आवाज, हातवारे, देहबोली कुणाच्या मापाने मोजायची? ‘उद्धटपणा’ ही मोजपट्टी हातात घेतली की ती नेहमी खालच्याच्या पाठीवर पडते.

म्हणूनच ती मोजपट्टी नको. भाषा किती सोवळी आहे हे रेफ्रीने पाहूच नये. पाहायच्या तीन गोष्टी. शब्द रेफ्रीला उद्देशून होते का? निर्णय झाल्यावर कर्णधार नसलेला खेळाडू वाद घालत राहिला का? आणि रेफ्रीच्या प्रामाणिकपणावर आरोप झाला का? चेंडू हातातून निसटल्यावर स्वतःलाच हासडलेली शिवी यात कुठेच बसत नाही. तिच्यासाठी शिट्टी वाजवणाऱ्या रेफ्रीलाच समज द्यायला हवी. उलट अगदी स्वच्छ भाषेत ‘तू विकला गेलास’ म्हणणारा मात्र यात पुरता अडकतो. ही विभागणी श्रमिकांच्या परंपरेला सोडून नाही, उलट तिच्याच पठडीतली आहे. लीगने पहिल्या दिवसापासून खेळाला काम मानलं, मैदानाला कामाची जागा मानलं. मग कामाच्या जागी शिव्या खाणं हा फक्त रेफ्रीच्या नोकरीचा भाग कसा? हौशी पातळीवर तर शिट्टी वाजवणारा माणूस आठवडाभर कुठेतरी राबून शनिवारी तुटपुंज्या मानधनावर उभा असतो. तिथे मजूर कोण आणि मालक कोण?

आणि युनियनची शिस्त केवळ ‘सर’ म्हणण्यावर उभी आहे हाही गैरसमजच. २५ मे २०१३ रोजी ट्विकनहॅमला इंग्लिश प्रीमियरशिपच्या अंतिम सामन्यात नॉर्थॅम्प्टनचा कर्णधार डिलन हार्टली याने ‘फसवा’ या अर्थाचा शब्द शिवीसकट उच्चारला. तो प्रतिस्पर्ध्याला उद्देशून होता असा त्याचा बचाव होता. रेफ्री वेन बार्न्स यांनी तो आपल्यासाठी मानला आणि मध्यंतराआधीच त्याला कायमचं बाहेर काढलं. संघ अंतिम सामना हरला, हार्टलीला ११ आठवड्यांची बंदी झाली आणि ब्रिटिश लायन्सचा (ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक संघाचा) ऑस्ट्रेलिया दौरा हातचा गेला. ही शिक्षा लक्षात राहते, कारण ती पहिल्यांदा संघाला बसली. याउलट एप्रिल २०१९ मध्ये जयपूरला आयपीएलच्या सामन्यात महेंद्रसिंह धोनी बाद होऊन गेलेला असताना पंचांशी वाद घालायला पुन्हा मैदानात आला. त्याला सामना-मानधनाच्या ५० टक्के दंड झाला आणि चेन्नईने तो सामना जिंकलाही. कोणता कर्णधार या सौद्याला नाही म्हणेल? एनआरएलमध्येही २०२२ पासून किरकोळ गुन्ह्यांना निलंबनाऐवजी दंड आहे. पहिल्या फळीच्या खेळाडूचा किमान करारच वर्षाला लाख डॉलरच्या वर असताना हजार-दोन हजार डॉलर म्हणजे खेळण्याचं भाडं.

तिसरा आक्षेप असा की सामन्यातच शिक्षा दिली तर भडका उडतो. याला दाखलेही आहेत. १९८८ साली ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर स्टेट ऑफ ओरिजिनच्या, म्हणजे क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांमधल्या मालिकेच्या, दुसऱ्या सामन्यात रेफ्री मिक स्टोन यांनी क्वीन्सलंडचा लाडका कर्णधार वॉली लुईस याला वाद घातल्याबद्दल सिन-बिनमध्ये धाडलं, आणि प्रेक्षकांनी मैदानावर बिअरच्या डब्यांचा वर्षाव केला. ३ एप्रिल २०१५ च्या गुड फ्रायडेला सिडनीत कँटरबरी बुलडॉग्ज अखेरच्या क्षणांतल्या पेनल्टीवर साउथ सिडनीकडून १७-१८ असे हरले. रेफ्री जेरार्ड सटन यांच्यावर आणि सहकाऱ्यांवर बाटल्या आल्या, त्या चुकवताना एक अधिकारी घसरून पडला आणि त्याचा खांदा मोडला. पण त्या दिवसाचा क्रम नीट पाहा. पेनल्टी मिळताच कर्णधार जेम्स ग्रॅहम सटनच्या तोंडासमोर उभा राहून हुज्जत घालत राहिला, मागोमाग डेव्हिड क्लेमर ओरडत आला, त्याला सिन-बिन झाली. स्टेडियमच्या पडद्यावर हे सगळं दिसत होतं. ‘आपल्याला लुटलं’ हा संदेश प्रेक्षकांपर्यंत शिक्षेने पोचवला की त्याआधीच्या आरड्याओरड्याने? लुईसच्या सामन्यात तर डबे उचलून झाल्यावर खेळ पुढे सुरू झाला आणि क्वीन्सलंड १६-६ ने जिंकलं.

शिस्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही सोडून चालणार नाही. ‘एक वर्ष बंदी घाला’ ही त्यांची आवडती मागणी सगळ्यांत निरुपयोगी आहे. शिक्षा जितकी जबर, तितकी ती देताना समिती कचरते. वकील येतात, ध्वनिफीत पुन्हा पुन्हा ऐकली जाते, शब्द नेमका कुणासाठी होता यावर तासन्‌तास जातात आणि शेवटी गुन्हा खालच्या श्रेणीत ढकलला जातो. जड शिक्षा राखून ठेवावी ती धमकी, अप्रामाणिकपणाचा थेट आरोप आणि माणसाच्या जातकुळीवर किंवा लैंगिकतेवर घसरणाऱ्या शब्दांसाठी. २०१४ मध्ये लीड्सचा रग्बी लीग खेळाडू झॅक हार्डेकर याला समलैंगिकांना हिणवणारी शिवी दिल्याबद्दल ५ सामन्यांची बंदी झाली, ती योग्यच होती. बाकीच्यांसाठी लहान पण हमखास शिक्षा पुरते. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २०१७ ते २०१९ दरम्यान तळच्या ३१ लीगमध्ये हुज्जतीसाठी १० मिनिटांच्या सिन-बिनचा प्रयोग केला, आणि हुज्जतीचं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं. कबड्डीचा प्रेक्षक याला मुळीच बिचकणार नाही. पिवळं कार्ड मिळालं की खेळाडू २ मिनिटं बाहेर आणि संघ तेवढ्यापुरता अपुरा, हे त्याच्या अंगवळणी पडलं आहे.

मग लीगमध्ये उतरंड कशी असावी? कर्णधाराव्यतिरिक्त कुणी निर्णयावर वाद घातला तर पेनल्टी. आधीच पेनल्टी मिळालेली असेल तर तिची जागा १० मीटर पुढे. या १० मीटरला हसू नये. मध्यरेषेजवळची पेनल्टी १० मीटर सरकली की गोलपोस्टवर किक मारण्याच्या टप्प्यात येते, म्हणजे २ गुण. पुन्हा तोच प्रकार झाला, किंवा शिवी थेट रेफ्रीला दिली, तर सिन-बिन; १३ जणांविरुद्ध १२ जणांनी १० मिनिटं बचाव करायचा. अप्रामाणिकपणाचा आरोप, धमकी किंवा जाती-लिंगावरून शिवी दिली तर सामन्यातून हकालपट्टी, बदली खेळाडू नाही. कर्णधाराला प्रश्न विचारण्याचा हक्क राहील, पण खेळ थांबलेला असताना आणि एकदाच. स्मिथचं प्रकरण इथेच मोडतं. कर्णधारपद हा बोलण्याचा परवाना आहे, दर शिट्टीला सुनावणी मागण्याचा नाही.

हे राबवताना घोळ होतो तो बहुतेक दोनच जागी. मे २०२१ मध्ये ब्रिस्बेनला एकाच आठवड्यात एनआरएलने डोक्यावरच्या टॅकलविरुद्ध मोहीम उघडली. ८ सामन्यांत १४ सिन-बिन आणि ३ हकालपट्ट्या झाल्या, ‘खेळ मेला’ अशी हाकाटी उठली, आणि नंतर हात हळूहळू सैल पडला. हंगामाच्या मध्यावर अचानक आवळलेली आणि मग सोडलेली शिस्त शिस्त नसल्यापेक्षा वाईट, कारण ज्यांना त्या आठवड्यात शिक्षा झाली त्यांच्यावर अन्याय होतो. सुरुवात हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून करावी आणि क्लबांना सरावशिबिरातच कळवावी.

दुसरी अडचण पुराव्याची. व्यावसायिक सामन्यात रेफ्रीच्या अंगावर माइक असतो, शब्द आपोआप नोंदला जातो. गावच्या मैदानावर तो नसतो. तिथला रेफ्री, पुष्कळदा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, रात्री अहवालात ‘खेळाडूने अर्वाच्य भाषा वापरली’ एवढंच लिहितो, लाजेपोटी शब्द गाळतो. समितीला त्यावरून श्रेणी ठरवता येत नाही आणि प्रकरण बारगळतं. अहवालात शब्द जसाच्या तसा हवा, कितीही घाण असला तरी. मिनिट हवं, अंतर हवं, खेळाडूचं तोंड कुणाकडे होतं ते हवं, टच जजने (रेषेवरच्या सहायक रेफ्रीने) ऐकलं का ते हवं. आणि हे मैदान सोडण्याआधी टिपून ठेवायला हवं, कारण रात्रीपर्यंत शब्द बदलतात.

यापलीकडे एक गोष्ट उरते, तिच्याबद्दल क्लब आणि संघटना दोघंही गप्प असतात. रेफ्रींची नेमणूक आठवड्याला होते. ज्याने कर्णधाराला बाहेर बसवलं त्याच्याबद्दल ‘याला सामना सांभाळता आला नाही’ असं प्रशिक्षक पत्रकार परिषदेत बोलतो, आणि पुढच्या आठवड्यात तो रेफ्री दुय्यम सामन्यावर दिसला की बाकीचे सगळे काय समजायचं ते समजतात. शिवी ऐकू न आल्यासारखं करणं हा त्यांच्यासाठी सुरक्षित मार्ग ठरतो. सेचिन यांनी २०१७ च्या विश्वचषकात टोंगा विरुद्ध इंग्लंड हा उपांत्य सामना सांभाळला होता. इंग्लंड २०-१८ ने जिंकलं आणि शेवटच्या क्षणी टोंगाच्या अँड्र्यू फिफिटाच्या हातून सुटलेल्या चेंडूवरून त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. २०१८ मध्ये एनआरएल सोडण्याचा विचार जाहीर करताना त्यांनी या धमक्यांबद्दल सांगितलं. धमक्या देणारे प्रेक्षक होते, खेळाडू नव्हते, हे खरं. त्या प्रेक्षकांवर लीगचा फारसा ताबा नाही. ताबा आहे तो खेळाडूंवर, प्रशिक्षकांवर आणि नेमणुकांच्या त्या यादीवर. हुज्जतीसाठी नियमाप्रमाणे सिन-बिन देणारा रेफ्री पुढच्या आठवड्यात त्याच दर्जाच्या सामन्यावर कायम राहील, एवढी एक ओळ नेमणुकीच्या नियमात घालायला कोणत्याही संघटनेला एक पैसाही लागत नाही.